चष्मेवाल्यांचं दुसरं घर

वहिनी त्या दिवशी दुकानात गेल्या त्या फक्त डबा द्यायला. यजमान सकाळी घाईत निघाले आणि डबा ओट्यावरच राहिला, एवढंच निमित्त. ज्यांची ही गोष्ट त्या बाईंना शेजारीपाजारी सगळे वहिनीच म्हणायचे, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. आणि त्यांच्या यजमानांना चष्मेवाले. चष्म्याचं दुकान काही त्यांच्या मालकीचं नव्हतं, पण दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या, कडा गुळगुळीत करायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या हे काम वर्षानुवर्षं तेच करत आले होते.

मागच्या खोलीला पडदा होता. पडद्याआड हसणं-खिदळणं चाललेलं ऐकून वहिनी बाहेरच थांबल्या. आत शेजारचे ट्रकवाले भावोजी आपल्या चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आले होते आणि काल संध्याकाळी घाटातून ट्रक कसा खाली आणला ते रंगवून सांगत होते. वहिनींना नवल वाटलं. भावोजींचा ट्रक तर दुरुस्तीला गेला होता, आणि काल संध्याकाळभर ते समोरच्याच घरात होते. मग उलगडा झाला की हा टीव्हीवरचा खेळ. रोज ट्रक हाकून कंटाळलेला माणूस सुट्टीच्या दिवशी घरी बसून ट्रकच हाकतो, यावर वहिनींना हसूच आलं. पण दुकानाचे मालक म्हणाले की हल्ली सगळीकडे हेच आहे. त्यांची बायको दवाखान्यातून थकून येते आणि मग टीव्हीसमोर बसून कोंबड्यांना दाणे टाकते. कुणी किराणा दुकानाच्या फळ्या लावतं, कुणी पेट्रोल भरतं, कुणी दुसऱ्याच्या अंगणातला पालापाचोळा गोळा करतं. लढाया नि मारामाऱ्या पोरांनी खेळाव्यात, मोठ्या माणसांना आता कामाचेच खेळ लागतात.

तेवढ्यात चष्मेवाल्यांचा आवाज आला.

"माझं घर मात्र काल अगदी लखलखीत झालं. नळाच्या मागची कडसुद्धा."

पडद्याला लावलेला वहिनींचा हात तसाच राहिला. आपल्या घराबद्दल यजमान असं बोलल्याचं त्यांना एकदाही आठवेना. 'माझं घर' म्हणताना त्यांच्या आवाजात जे काही होतं ना, ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात एकदोनदा वहिनींच्या वाट्याला आलं होतं. त्यानंतर ते कुठे गेलं, याचा त्यांनी कधी शोध घेतला नव्हता. माणूस भला, घरी वेळेवर येतो, तोंडातून वावगा शब्द काढत नाही, मग आणखी काय हवं, असं म्हणून त्या सुखात राहिल्या होत्या.

डबा देऊन त्या परतल्या, पण मन मात्र त्या पडद्यापाशीच घुटमळत राहिलं.

आता घरातली तऱ्हा सांगायला हवी. चष्मेवाले घरात काडी इकडची तिकडे करत नसत. त्यात त्यांचा माज नव्हता, ते त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. चहा प्यायचा आणि कप खुर्चीच्या पायाशी ठेवायचा. आंघोळ करून ओला टॉवेल पलंगावर टाकायचा. कप आपोआप उचलला जातो आणि टॉवेल आपोआप वाळतो, अशी त्यांची समजूत असावी. वहिनींनीही कधी तक्रार केली नाही. देवाने ज्याला जे काम दिलं ते त्याने गोड मानून करावं, हा त्यांचा स्वभाव.

आणि हाच माणूस रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून, हातात ते बटणांचं खेळणं धरून, घर साफ करत होता.

दुकानातून परत आल्यावर त्या संध्याकाळी वहिनी पहिल्यांदा भाजी निवडायचं ताट घेऊन त्यांच्या मागे येऊन बसल्या. आधी यजमान काय खेळतात याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पडद्यावर एक घर होतं. निळं दार, दुमजली, स्वयंपाकघरात सिंकच्या वर मोठी खिडकी. चष्मेवाले खिडकीची काच पुसत होते. आधी कोरड्या फडक्याने धूळ, मग ओल्याने, मग पुन्हा कोरड्याने, आणि कोपऱ्यात फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून. मग सिंकमधली भांडी. मग लादी. आतल्या भिंतीपासून सुरुवात करून, दर थोड्या वेळाने बादलीतलं पाणी बदलत, मागे मागे येत दारापर्यंत. एक ठिपका सुटला तर परत जाऊन पुसत होते. चेहऱ्यावर असं समाधान की वहिनींच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"कुणाचं घर आहे हे?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

कुणाचंच नाही, असं चष्मेवाले मान न वळवता म्हणाले. ह्या खेळात माणसं नसतातच. नुसती घरं असतात.

मग सिंकमध्ये ते दोन कप कुणी उष्टे करून ठेवले, हे वहिनींच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. विचारणं म्हणजे आपल्याला काहीतरी टोचतंय हे कबूल करणं. आणि टीव्हीतल्या घरावर जळणारी बाई म्हणून हसं करून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

पण जळत होतंच. आठवडाभर रोज त्यांच्या मागे बसून झाल्यावर एकदा जिन्यात ट्रकवाले भावोजी भेटले तेव्हा वहिनींनी आडून आडून विषय काढला. घर साफ करायचा तो खेळ भावोजींनीच तर यजमानांना आणून दिला होता. भावोजी म्हणाले, फार साधा खेळ आहे, एक घर चकाचक झालं की पुढचं घर मिळतं. झालेलं घर पुन्हा काही मळत नाही. "तेच तर त्यातलं सुख आहे, वहिनी. आपल्या घरासारखं नाही, की पुसून वळलं की पुन्हा धूळ."

पण चष्मेवाले तर कितीतरी दिवस त्या निळ्या दाराच्याच घरात होते. आणि ते घर रोज मळत होतं. थोडंसंच, एखाद्या नीटनेटक्या बाईच्या वावराने मळावं तेवढं. उशीवर डोकं टेकल्याचा खळगा. टेबलावर पाण्याच्या पेल्याची ओली गोल खूण. जिन्याच्या कठड्यावर हात फिरलेला.

वहिनींनी संध्याकाळी देवापुढे हात जोडले आणि कबूल केलं, की हे त्या घरातून उठेपर्यंत मी चहात साखर घेणार नाही. लहानसं मागणं असलं की त्या असंच लहानसं काहीतरी सोडत. आणि त्यांचा अनुभव असा की देव ऐकतो, उशिरा का होईना. बिनसाखरेचा चहा त्या यजमानांच्या समोर बसून प्यायल्या. पहिला घोट घेताना चेहरा वाकडा झाला. पण चष्मेवाल्यांनी काही विचारलं नाही, कारण ते त्यांच्याकडे बघतच नव्हते.

मग एकदा जेवताना वहिनींनी त्यांच्या पानात भाजी वाढली आणि वास आला. यजमानांच्या हाताला एक साबणाचा वास येत होता. ओल्या पानांचा, किंचित कडवट, मंद वास. तो साबण वहिनींच्या घरात नव्हता. दुकानातही नव्हता, तिथे हात धुवायला कसली पिवळी वडी असते ते त्यांना माहीत होतं. आणि त्यांच्या बोटांची टोकं... पांढरी पडून सुरकुतली होती, बराच वेळ पाण्यात काम केल्यावर होतात तशी. वहिनींची स्वतःची बोटं रोज तशी होत. ह्या माणसाची बोटं तशी झालेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"हात ओले होते का तुमचे?"

"नाही तर," चष्मेवाले म्हणाले, आणि खरंच आश्चर्याने आपल्या हातांकडे पाहू लागले.

ते खोटं बोलत नव्हते, हे वहिनींना कळलं. आणि तेच जास्त झोंबलं. खोटं बोलले असते तर भांडता आलं असतं.

नणंदेला त्यांनी फोनवर अर्धंमुर्धं सांगितलं. ताई मोठ्या, जिभेच्या तिखट पण मनाच्या मऊ. त्या आधी खूप हसल्या. "सवत मिळाली ती पण टीव्हीतली! अगं, माझ्या भावाच्या हातात फडकं दिलं तिने, जे आम्हाला कुणाला जमलं नाही. भेटली तर पाया पड तिच्या." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, फार मनावर घेऊ नकोस, खेळणं आहे, जुनं झालं की सुटेल. वहिनींनी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र त्या 'सवत' हा शब्द घेऊन स्वयंपाकघरात फिरत राहिल्या. कढईत तेल तापत होतं, तेही विसरून.

आणि त्याच आठवड्यात बाह्यांचं झालं. चष्मेवाले पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत आणि त्यांना बाह्या नीट दुमडता येत नसत, कोपरापाशी बोळा करून कोंबायचे. नवीन लग्न झालं तेव्हा वहिनी रोज सकाळी त्यांच्या बाह्या दुमडून द्यायच्या. सारख्या रुंदीच्या घड्या, शेवटची जरा सैल. मग कधीतरी ते राहून गेलं. त्या संध्याकाळी चष्मेवाले खेळायला बसले तेव्हा त्यांच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या, बटणं लावलेली. वहिनी दूध उतू जाईल म्हणून आत गेल्या आणि लगेच परत आल्या. तेवढ्यात... दोन्ही हात त्या खेळण्यावर तसेच, नजर पडद्यावर. आणि दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. सारख्या रुंदीच्या घड्या, शेवटची जरा सैल.

वहिनी दारातच उभ्या राहिल्या. दूध उतू गेलं नव्हतं, तरी हाताला चटका बसल्यासारखं झालं. दुसरी कुणी असती तर घाबरली असती. वहिनी घाबरल्या नाहीत. त्यांच्या मनात आधी आला तो राग. त्या घड्या माझ्या आहेत, हे एवढंच त्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरातली कामं आटोपून, ओटा पुसून, हात कोरडे करून त्या टीव्हीसमोर बसल्या. कुठलं बटण कशाचं हे इतके दिवस मागे बसून त्यांना पाठ झालं होतं. बाहेर लख्ख ऊन होतं. कुठेतरी कुणी गालिचा झटकत होतं, त्याचे धप धप आवाज येत होते.

निळं दार उघडलं.

आत गेल्यावर वहिनींना पहिल्यांदा कळलं की ते घर किती सुंदर ठेवलंय. खिडकीच्या काचेत काच आहे हे कळतच नव्हतं. नळ तर असा की त्यात तोंड दिसावं. पंख्याच्या पात्यांवर, दाराच्या वरच्या कडेवर, फळीच्या खालच्या बाजूला, जिथे जिथे फक्त घर राखणाऱ्या बाईचीच नजर जाते, तिथे तिथे त्यांच्या नवऱ्याचा हात फिरला होता. वहिनींनी खोली खोली पाहिली. वर गेल्या. पलंगाच्या एका बाजूला चादरीवर पुसट सुरकुती होती, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. दुसरी बाजू कुणासाठी तरी राखून ठेवल्यासारखी कोरी.

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या घरात घाण करायला काही साधनच नव्हतं. खेळ साफसफाईचा, बादली आणि फडकी तेवढी हाताशी. पण जिने आयुष्यभर लाद्या पुसल्या तिला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पाणी बदललं नाही तर पुसण्यासारखी घाण दुसरी नाही. वहिनींनी मागच्या अंगणातली मातीची पायरी आधी पुसली, पाणी काळं करून घेतलं, आणि त्याच पाण्याने घर पुसायला सुरुवात केली. खिडकीच्या काचेवर काळे फराटे उठले. नळावर, कठड्यावर, पांढऱ्या चादरीवरसुद्धा त्यांनी ते फडकं पिळलं. हात सपासप चालत होते. किती दिवसांनी असं मोकळं वाटत होतं. शेवटी उरली स्वयंपाकघराची लादी.

लादी आतून पुसत दाराकडे यायचं, हे कुणा बाईला शिकवावं लागत नाही. पण रागाच्या भरात वहिनींनी दारापासून सुरुवात केली आणि पुसत पुसत आत गेल्या. थांबल्या तेव्हा त्या सिंकखालच्या कोपऱ्यात होत्या आणि दारापर्यंतची सगळी लादी काळ्या पाण्याने चकाकत होती.

आता खेळच तो. एक बटण दाबलं की त्या लादीवरून चालत बाहेर जाता आलं असतं, टीव्ही बंद करता आला असता. पण ओल्या लादीवर पाय टाकायचा नाही ही इतक्या वर्षांची सवय. वहिनी आपल्या खुर्चीवर, हात थांबवून, पडद्यावरची लादी वाळायची वाट बघत बसल्या.

बाहेरचे धप धप आवाज थांबले होते.

लादी वाळेना. आणि मग दारातून आत, त्या काळ्या पाण्यावर, एक पाऊल उमटलं. अनवाणी, लहानसं. आधी टाच, मग बोटं. जिथे ते पडलं तिथली लादी स्वच्छ झाली. मग दुसरं. घाई नाही, दबकणं नाही. आपल्या घरात, जेवणं झाल्यावर, एखादी बाई ओट्याकडे यावी तशी ती पावलं येत होती. वर अंग नाही, कुणी नाही. फक्त काळ्या ओलीवर एकामागून एक पांढरे ठसे... आणि ते अगदी समोर आले. शेवटचे दोन शेजारी शेजारी थांबले. बोटं वहिनींच्या दिशेला.

टीव्हीचा आवाज वहिनींनी आधीच बंद ठेवला होता. तरी ऐकू आलं. रागावलेलं नाही, नव्या मोलकरणीला समजावून सांगावं तसं, हलक्या आवाजात.

"पाणी बदलायचं राहिलं, बाई..."

वहिनींनी आपले पाय खुर्चीवर ओढून घेतले.

"...ते बदलतात. सांगावं लागत नाही."

वहिनींनी भिंतीवरचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. ऊन तसंच होतं, घड्याळ तसंच चालत होतं. पण खोलीभर ओल्या पानांचा तो कडवट मंद वास पसरला होता. आणि काळजात भीतीच्याही खाली, खोलवर, एक शब्द रुतून बसला होता. 'ते'. नवऱ्याचं नाव न घेता बायका म्हणतात तसं ती म्हणाली होती.

संध्याकाळी चष्मेवाले आले, चहा प्यायले, आणि वहिनी काही बोलायच्या आत टीव्ही लावून बसले. निळं दार उघडलं. घर दिसलं.

ते ओरडले नाहीत. खेळात खिडकीपाशी गेले आणि काचेवरचे काळे फराटे पाहिले. मग हळूच म्हणाले, "हे पाणी न बदलता पुसलंय." आणि वळून त्यांनी वहिनींकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी, चांगलं थेट.

"मीच पुसलंय," वहिनी म्हणाल्या. "कोण आहे ती?"

"मी कधी पाहिलं नाही."

"मग ऐकलं असेल."

चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. मग जे सांगितलं ते तुटक तुटक, जसं सुचेल तसं. सगळं पुसून झालं की मागून कुणीतरी 'छान झालं' म्हणतं. बस, इतकंच. आधी वाटलं खेळातच असेल. मग वाटलं नसेल. पण विचारायचं धाडस झालं नाही, कारण विचारलं आणि ते बंद झालं तर... दिवसभर ते काचा घासतात. काच नीट बसली की माणसाला काच दिसतच नाही, ओरखडा राहिला तरच दिसते. इतक्या वर्षांत एकही माणूस पडद्यामागे येऊन बोलला नाही की आज मला छान दिसतंय हो.

वहिनी ऐकत होत्या. राग होता, पण तो आता जरा बाजूला सरकून बसला होता. आणि त्याच्या जागी जे आलं ते त्यांनाही अनोळखी होतं.

"आणि मला?" त्या म्हणाल्या. "हा कप, तो टॉवेल, तुमच्या शर्टाची कॉलर. नळाच्या मागची कड मी रोज पुसते. मला कोण म्हणालं कधी, की छान झालं?"

चष्मेवाल्यांनी खुर्चीच्या पायाशी ठेवलेल्या आपल्या कपाकडे पाहिलं, जणू तो तिथे कसा आला हे त्यांना आत्ता कळत होतं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने टीव्हीची वायर काढली, ते खेळणं गुंडाळलं, आणि कप उचलून आत गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. वहिनी मागून गेल्या तर ते कप धूत होते. कानाच्या आतून, तळाच्या कडेने, अगदी निगुतीने. हे त्यांना कुठे शिकायला मिळालं, हे मनात येताच वहिनींनी तो विचार तिथेच दाबला. ओट्याजवळ जाऊन त्या म्हणाल्या, "छान झालं." आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्या दिवशी त्यांनी चहात साखर घातली. जरा जास्तच घातली.

खेळ ट्रकवाल्या भावोजींकडे परत गेला. आठवडाभराने भावोजी जिन्यात भेटले तेव्हा डोकं खाजवत म्हणाले, चष्मेवाले ज्या निळ्या दाराच्या घराची एवढी वाखाणणी करायचे ते घर त्यांनी सगळीकडे शोधलं, पण खेळात तर निळ्या दाराचं घर नाहीच. वहिनींनी ऐकून घेतलं आणि विषय भाजीवर नेला. देवाने एक दिलं होतं, त्यात खोदून बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

आणि दिलं होतं खरंच. चष्मेवाले रोज दुकानातून आले की बाह्या वर करून कामाला लागत. भांडी, ओटा, लादी. आतून सुरुवात करून दारापर्यंत, मधे मधे पाणी बदलून. नणंद एकदा येऊन बघून गेल्या तेव्हा तोंडात बोट घालून बसल्या आणि म्हणाल्या, माझ्या भावाला बदलून दिलंस की काय गं. काम संपलं की चष्मेवाले दारात उभे राहत, फडकं खांद्यावर टाकत आणि विचारत, "झालं का नीट?" वहिनी म्हणत, "छान झालं." मग ते हसत. ते हसू पाहायला वहिनी दुपारपासून संध्याकाळची वाट बघत असत.

किती दिवसांनी ते त्यांच्या लक्षात आलं, सांगता येत नाही. एखादी गोष्ट बरेच दिवस दिसत असते आणि मग एकदम दिसते, तसं झालं. 'झालं का नीट' असं विचारताना चष्मेवाले वहिनींकडे बघत नसत. अगदी थोडंसं बाजूला बघत. वहिनींच्या डाव्या खांद्याच्या मागे, जरा खाली, लहान चणीच्या एखाद्या बाईचा चेहरा असेल त्या उंचीवर.

वहिनींनी मागे वळून पाहिलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मागे त्यांचं स्वतःचं स्वयंपाकघर होतं, आणि ते फार स्वच्छ होतं. वळून पाहिलं आणि काही दिसलं, तर मग त्याबद्दल काहीतरी करावं लागलं असतं. आणि यजमान पुन्हा खुर्चीच्या पायाशी कप ठेवू लागले असते. भीती होती, नाही कशी? पण भीतीहून मोठं दुसरं काही होतं. त्यांनी एवढंच केलं, की यजमानांनी विचारलं रे विचारलं, की त्या घाईने, चांगल्या खणखणीत आवाजात, दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत म्हणायच्या, "छान झालं." रोज. कान देऊन बसायच्या, फडकं खांद्यावर पडलं की श्वास घेऊन तयार राहायच्या. रोज त्याच जिंकायच्या, आणि चष्मेवाल्यांची नजर दर दिवशी जराशी सरकत त्यांच्या चेहऱ्याकडे येत होती. अजून थोडे दिवस, मग पूर्ण येईल, असं त्या मनाशी म्हणत.

मग काल असं झालं की वहिनी पाणी पीत होत्या. चष्मेवाल्यांनी लादी पुसून संपवली, दारात उभे राहिले, फडकं खांद्यावर टाकलं. "झालं का नीट?" आणि नेमका वहिनींना ठसका लागला. पाणी नाकात गेलं, डोळ्यांत पाणी आलं, शब्द काही फुटेना. छाती दाबून धरत त्यांनी कसाबसा श्वास घेतला आणि वर पाहिलं.

चष्मेवाले आधीच हसले होते. तेच ते हसू, सगळा चेहरा उजळून टाकणारं.

"छान... छान झालं," वहिनी धापा टाकत म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी मान वळवून इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट, अगदी समोरून, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आवाजात किती माया होती.

"ऐकलं की," ते म्हणाले. "दोनदा कशाला सांगतेस?"